तीन मीटर वीस

चित्र तिचं. मी फक्त चौकट केली.
तीन मीटर वीस रुंद, एक नव्वद उंच,
बिनगाठीचा पाइन, वर्षभर वाळवलेला.
तुकडे आत नेऊन आतच जोडले,
कारण कॉड खारवायच्या या जुन्या गोदामाचं दार
पिंपाच्या मापाचं आहे, डोंगराच्या नाही.
बाहेर कसं काढणार, मी विचारलं.
गुंडाळून, ती म्हणाली. आधी होऊ तर दे.

मग म्हणाली, आडवी पट्टी खाली घे, आयविन,
अजून दोन बोटं.
ब्रश दाबला की मागचं लाकूड पुढे उमटतं,
आणि माझं पाणी नेमकं तिथेच सुरू होतं.
मी पट्टी सोडवली, पुन्हा ठोकली.
रंगाचा थेंब नव्हता अजून
आणि टोरबोर्गला पाणी कुठे सुरू होतं ते ठाऊक होतं.

लोफोटेनचा अख्खा नोव्हेंबर आखण्यात गेला.
उन्हाळ्यात बोटीत बसून रंगवलेले
पोस्टकार्डाएवढे अठ्ठावीस पुठ्ठे तिने भिंतीला टाचले.
एकाच्या आभाळात माशीचा पंख,
एकाच्या समुद्रात खऱ्या पावसाचे फोड.
मग खडूत बुडवलेली दोरी: एक टोक माझ्याकडे, एक तिच्याकडे.
मधे चिमटीत धरून तिने सोडली. टण्ण.
आम्ही सुतारही अशीच रेघ मारतो, मी म्हटलं.
ती म्हणाली, मग काय तर.

बाहेर दुपारी दोनला अंधार.
आत चार दिवे, टर्पेंटाइनचा वास,
ती शिडीवर, हातात घरं रंगवायचा रुंद ब्रश,
आणि सबंध डोंगर विटकरी!
मी बोललो नाही, पण माझं तोंड बोललं असावं.
"वर निळा येणार आहे. त्याला खालून ऊब लागते.
तू दाराला रंग देण्याआधी काय लावतोस?"
अस्तर, मी म्हटलं.
"हं."

रोज काम संपलं की चित्राकडे पाठ करून
ती खांद्यावरून लहानशा आरशात बघायची.
उलटी खाडी. उलटा कडा.
आरशात खोटं लगेच कळतं, म्हणायची,
आणि सकाळी आठवड्याचं काम खरवडून टाकायची.
ते मी वर्तमानपत्रात बांधून फेकायला न्यायचो:
किलोभर आभाळ.

फेब्रुवारीत ऊन खिडकीपर्यंत आलं
तेव्हा माझ्या ध्यानात आलं.
कड्याखाली, बोटघराच्या डावीकडे
पुठ्ठ्यांवर सगळीकडे एक लाल ठिपका होता.
कॅनव्हासवर नव्हता.
"ते माझं घर."
"हो. पुसलं मी. डोळा तिथे जाऊन बसायचा,
उठायचं नावच घेईना."

घरी सांगितलं तर सुनिव्हा इतकी हसली
की बटाटे करपले.
बरं झालं, म्हणाली, छपराचा खर्च वाचला.
मीही हसलो, पण थोडं कमी.
चार वादळांनी ज्याची फळी हलली नाही
ते एका बाईने चिंधीने उचललं,
आणि चिंधी कुठली, तर माझ्याच जुन्या सदऱ्याची.

एप्रिलमध्ये बोट आली. रंग अजून ओला,
गुंडाळायची सोय नाही.
शेवटी मी खाडीकडची भिंतच उतरवली,
फळ्यांवर आकडे घालत, एकेक.
सतराव्या फळीनंतर उजेड थेट चित्रावर पडला.
दिव्यांखाली जे दिसलं नव्हतं ते दिसलं:
कड्याखाली, जिथे आता काहीच नाही,
तिथून एक पातळ करडा फराटा
वर जाता जाता डावीकडे कललेला.
कुणीही म्हणेल, धुकं.
पण धुकं असं एकाच जागेवरून उठत नाही,
आणि आमच्याकडे सकाळचा वारा
कायम उजवीकडून येतो.

मी टोरबोर्गकडे बघितलं.
ती गुडघ्यावर बसून माझे खिळे डब्यात मोजत होती.
"बघतोस काय," म्हणाली,
"उचल. ओहोटी लागेल."